खतावणी कोणाच्या हातात?

लखनौच्या महानगर वस्तीतून आजचा भाग.

आपल्या मालिकेचे प्रेक्षक दोन प्रकारचे आहेत. काही इतिहासात रमणारे, तर काही पुणे, बेंगळुरू, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारे. या दुसऱ्या मंडळींकडून एक प्रश्न वरचेवर येतो. डेटाबेस हाताळायला कोणते साधन चांगले? डीबीव्हर, पीजीॲडमिन, वर्कबेंच, की अक्षरे टंकायची ती साधी काळी खिडकी? मी फौजी माणूस. निवृत्तीनंतर हिशेब आणि नोंदींच्या इतिहासाचा नाद लागला आणि त्यापायी ही साधने स्वतः चालवून पाहिली. माझे मत असे की, कोणते बटण कुठे आहे हे नंतर बघू. आधी हे विचारा की या साधनाने नोंद कोण बदलू शकतो, आणि ती बदलल्याचे दुसऱ्या कोणाला कळते का.

हा प्रश्न पुण्याला जुना आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करत. दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर फडणिसांच्या नजरेखाली असे. त्यातल्या फडातून हुकूम आणि सनदा निघत, रोजकीर्द लिहिली जाई. दुसरे एकबेरीज दफ्तर. ते पुण्यातच कायम असे. सगळीकडचे हिशेब तिथे येत, त्यांचे तर्जुमे म्हणजे गोषवारे होत आणि खतावण्या लागत. रोजचा व्यवहार लिहिणारा हात वेगळा आणि तो जुळवून, लावून ठेवणारा हात वेगळा. आजच्या भाषेत पहिला डेव्हलपरच्या बाजूचा, दुसरा डीबीएच्या. उपमा ताणू नये, पण कामाची वाटणी ओळखीची वाटते. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त टिकली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात घोळ झाला, तो कारकुनांना लिहिता येत नव्हते म्हणून नव्हे. तपासणारा हात सैल पडला होता.

गंमत म्हणजे ‘खतावणी’ हा शब्द इथे लखनौत रोज कानावर पडतो. उत्तर प्रदेशात जमिनीच्या हक्काच्या नोंदीला ‘खतौनी’ म्हणतात. त्याकडे पुढे येतो.

आता एकदम १९७० मध्ये या. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडायची कल्पना निबंधरूपात मांडली. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिच्यासाठी भाषा सुचवली, तीच आजची एसक्यूएल. ओरॅकलच्या पहिल्या साधनाचे नाव होते यूएफआय, म्हणजे ‘युझर फ्रेंडली इंटरफेस’. प्रत्यक्षात ती टंकायची रिकामी ओळ होती. पुढे त्याचेच एसक्यूएल प्लस झाले, आणि डीबीए मंडळी ते अजून सोडायला तयार नाहीत.

आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कचेऱ्यांत, सहकारी बँकांत, हिशेबनिसांकडे जे पोहोचले ते मात्र डीबेस आणि फॉक्सप्रो. तिथे डेव्हलपरही तोच, डीबीएही तोच आणि पुष्कळदा कारकूनही तोच. ‘ब्राउज’ टंकले की सगळा तक्ता उघडा. कोणत्याही ओळीत बोट घाला आणि रक्कम बदला. कोणी बदलली याची खूण राहत नसे. ‘डिलीट’ केले तर ओळीवर फक्त फुली बसे आणि ‘रिकॉल’ने ती परत येई. ‘पॅक’ केले की मात्र कायमची गेली. ‘झॅप’ तर सगळा तक्ताच रिकामा करी. चोपडीत खाडाखोड दिसते, इथे तीही दिसेना. या साधनांनी हजारो लोकांना कामाला लावले हे खरेच, पण पुण्याच्या दफ्तरात जे दोन हात होते त्यांचा एक झाला.

मोठ्या डेटाबेसांनी ते दोन हात पुन्हा वेगळे केले, निदान काही काळ. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीबीएसाठी एंटरप्राइझ मॅनेजर आणि प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी क्वेरी ॲनलायझर अशा दोन खिडक्या होत्या. २००५ मध्ये दोन्ही मिळून मॅनेजमेंट स्टुडिओ झाला. मायएसक्यूएलचेही तसेच झाले. ॲडमिनिस्ट्रेटर आणि क्वेरी ब्राउझर ही दोन साधने पुढे वर्कबेंचमध्ये विरघळली. ओरॅकलकडचे टोड तर नावाप्रमाणे डेव्हलपरसाठीच जन्मले होते, त्यातही हळूहळू डीबीएची कामे शिरली. आणि १९९८ मध्ये आलेल्या पीएचपीमायॲडमिनने ब्राउझर उघडता येणाऱ्या कोणालाही किल्ली दिली.

सोय झाली, यात वाद नाही. पण फौजेत कोत, म्हणजे शस्त्रागार, याची किल्ली आणि नोंदवही एकाच्याच खिशात राहू नये हे पहिल्या वर्षी शिकवतात. एकच खिडकी दोघांना दिली तर वेगळेपण कुठेतरी दुसरीकडे ठेवावे लागते.

ते ठेवले नाही तर काय होते? ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची गोष्ट बघा. पोस्टग्रेसच्या दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसून ती नव्याने भरायची होती. रात्री थकलेल्या इंजिनिअरने ती आज्ञा मुख्य सर्व्हरच्या खिडकीत दिली. एक-दोन सेकंदांत ध्यानात आले, तोवर सुमारे तीनशे जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या नेहमीच्या पद्धती ऐनवेळी कामाला आल्या नाहीत. सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने कंपनी वाचली. दोष एका माणसावर ढकलणे सोपे आहे. त्या माणसाकडे दोन्ही सर्व्हरच्या दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या खिडक्या होत्या, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

गिटलॅबची बहुतेक माहिती परत आली. जमिनीची ओळ अशी पटकन परत येत नाही. इथल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी यांना महसुली कागदांत मृत दाखवले गेले आणि त्यांची जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली. माणूस जिवंत, खतौनीत मेलेला. स्वतःच्या नावापुढे ‘मृतक’ लावून, तशाच लोकांचा संघ काढून ते लढले आणि १९९४ मध्ये कागदावर जिवंत झाले. तेव्हा संगणक नव्हता, बदल शाईने झाला होता. आज ती खतौनी ‘भूलेख’वर दिसते, म्हणजे चूक असेल तर तीही तितक्याच वेगाने दिसते आणि तितक्याच वेगाने खरी मानली जाते.

म्हणून आपल्या सातबाऱ्याची पद्धत मला आवडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५०. तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात आणि मग मंडळ अधिकारी किंवा त्याच्या वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ई-फेरफार आला, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तरी लिहिणारा आणि प्रमाणित करणारा हे दोघे वेगळेच राहिले. तलाठ्याला नावे ठेवायची आपली जुनी सवय आहे, पण रचना चांगली आहे.

आता साधनांकडे. अनेक प्रकारच्या डेटाबेसांशी काम पडणाऱ्या डेव्हलपरने खुशाल डीबीव्हर घ्यावे. त्यात जोडणीला ‘डेव्हलपमेंट’, ‘टेस्ट’, ‘प्रॉडक्शन’ असा प्रकार देता येतो आणि प्रत्येकाला वेगळा रंग. चालू डेटाबेसला लाल रंग द्यायला दोन मिनिटे लागतात. फक्त पोस्टग्रेसचे काम असेल तर पीजीॲडमिन पुरेसे आहे. डीबीएने पीएसक्यूएलची काळी खिडकी सोडू नये, कारण दूरच्या सर्व्हरवर बहुधा तेवढेच असते, आणि त्यात दिलेल्या आज्ञा फाइलमध्ये लिहून आधी दुसऱ्याला दाखवता येतात. साधन कोणतेही असो, चालू डेटाबेसवर डेव्हलपरचे खाते फक्त वाचण्याचे असावे. हे बंधन खिडकीत घालू नका, डेटाबेसमध्येच घाला. खिडकी कधीही बदलता येते.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी आणखी एक. त्यात ‘सेफ अपडेट्स’ नावाची सोय आहे. किल्लीचा स्तंभ किंवा मर्यादा न सांगता तक्ता बदलायला किंवा पुसायला गेलात, तर ती आज्ञा नाकारते. वर्कबेंचमध्ये ती सुरुवातीपासून चालू असते, आणि पुष्कळ जण वैतागून ती पहिल्याच दिवशी बंद करतात. काळ्या खिडकीत ती आपण मागावी लागते. बनवणाऱ्यांनी त्या पर्यायाला दुसरे एक नाव ठेवले आहे, ‘आय ॲम अ डमी’. माझ्या खात्यावर ती चालू असते.