५८५ ची खरखर आणि फेराइटचा काळा तुकडा

लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर एक जाड काळी गाठ असते, बघितलीय ना? त्या गाठीच्या पोटात फेराइट असतं. आज त्याचा इतिहास सांगतो. आपल्या गोंदियाकडे घरात रेडिओ लावला की खरखर का येते, याचं उत्तर त्यातच आहे.

१९३० साली टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून, भाजून हा पदार्थ बनवला. तो चुंबकाच्या कामाचा, पण वीज फारशी वाहू देत नाही. १९३५ मध्ये तो बनवायला टीडीके कंपनी निघाली. हो, आईबाबांच्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं तेच टीडीके! पुढे हॉलंडमध्ये फिलिप्सच्या स्नुक यांनी मँगनीज-झिंक फेराइटवर मोठं काम केलं. मँगनीज तर आपल्या शेजारचंच. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज ड्राय सेलमध्ये जातं.

जुना ट्रान्झिस्टर उघडला तर आत तार गुंडाळलेली काळी कांडी दिसते. ते फेराइटच. तोच त्याचा मिडियम वेव्हचा अँटेना. आकाशवाणी नागपूर १९४८ मध्ये सुरू झालं. त्याची मिडियम वेव्ह ५८५ किलोहर्ट्झवर. ही लहर जमिनीला धरून लांब जाते. म्हणून शंभरावर किलोमीटर लांब गोंदियात, धानाच्या बांधीतसुद्धा बातम्या ऐकू यायच्या. तेव्हा घरात होतं काय? बल्ब आणि पंखा.

आता प्रत्येक बोर्डावर चार्जर, एलईडी बल्ब, सेट-टॉप बॉक्स. यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. बऱ्याच चार्जरमध्ये हा वेग ६५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. कारण गोंगाटाची मर्यादा तपासणं १५० पासून सुरू होतं आणि ६५ ची दुप्पट १३० त्याच्या खालीच राहते. पण या गोंगाटाच्या पटी पुढेही जातात. ६५ गुणिले ९ किती? ५८५! थेट नागपूर केंद्रावर.

गोंगाट वायरवर चढतो आणि वायरच अँटेना बनते. लोक म्हणतात, "रेडिओ बिघडला," आणि तो भंगारात जातो. खरं तर रेडिओ ठणठणीत असतो, घर गोंगाट करत असतं.

इथे फेराइट पुन्हा कामाला येतं. वायर फेराइटच्या कड्यातून नेली की गोंगाटाचा करंट अडतो, त्याची थोडी उष्णता होते, आणि चार्जिंग नेहमीसारखं चालू राहतं. पण मिडियम वेव्हसाठी एका फेऱ्याने भागत नाही. मँगनीज-झिंकचं मोठं कडं घ्या आणि अख्खी केबल आठ-दहा वेळा गुंडाळा. दुप्पट फेरे म्हणजे जवळपास चौपट अडथळा. वायर सोलायची गरज नाही.

पण आधी गुन्हेगार शोधा. रेडिओ सेलवर लावा, स्टेशन नसलेल्या जागी ठेवा आणि एकेक प्लग काढत जा. खरखर थांबली की सापडला!

पुणे जिल्ह्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण, की जागा निवडतानाच रेडिओ गोंगाट कमी आहे का ते पाहिलं. आपल्या घराला मात्र जागा बदलता येत नाही. गोंगाट तिथेच अडवावा लागतो.

गंमत बघा, आवाज पकडणारी कांडी आणि गोंगाट अडवणारं कडं, दोन्ही एकाच काळ्या पदार्थाची. घरी आजोबांचा रेडिओ पडून असेल तर विकण्याआधी एकदा सगळे चार्जर काढून लावून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!