वाफ आणि मुलामा

१६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक घट्ट झाकणाचे भांडे दाखवले. त्यात कोंडलेली वाफ हाडेसुद्धा मऊ करी. आपल्या प्रेशर कुकरचा हा पणजोबा. हाडे शिजवायला निघालेली वाफ पुढे हाडे सांधण्याच्या कामी आली, ही गंमतच.

१८७७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी लंडनमध्ये गुडघ्याची फुटलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. जंतू मारायला त्यांच्यापाशी कार्बॉलिक अॅसिड होते. दोनच वर्षांनी पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी पापँच्या भांड्यावरून ऑटोक्लेव्ह घडवला. उकळत्या पाण्याला दाद न देणारे जंतूंचे बीजाणू दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटांत मरतात. कात्र्या, चिमटे आणि पुढे हाडात बसवायच्या पट्ट्या, सगळेच त्यात जाऊ लागले. सुरुवातीच्या पोलादी पट्ट्या शरीरातच गंजत; तिथे वाफेच्या डागांची फिकीर कोण करणार?

फिकीर सुरू झाली ती टायटॅनियमपासून. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवली. काढायला गेले तर निघेना. हाडाने तिला धरून ठेवले होते. हाडाची गाठ पडते ती धातूवरच्या ऑक्साइडच्या थराशी, आणि हा थर केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. वाफेत तो जाड होतो, वाफेतली अशुद्धी त्यावर बसते. जंतू मरतात, पण पृष्ठभाग पहिला राहत नाही.

लेप दिलेल्या सांध्यांचे दुखणे याहून नाजूक. लहानपणी मोहल्ल्यात कलईवाला येई. नवसागराचा धूर निघाला की पातेले आतून चांदीसारखे. अम्मी बजावे, रिकामे चुलीवर ठेवू नका, कलई उतरेल. १९८५ मध्ये लंडनच्या रोनाल्ड फर्लाँग यांनी खुब्याचा जो कृत्रिम सांधा बसवला, त्यावर हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा, म्हणजे हाडातल्याच खनिजाचा लेप होता. असा लेप हजारो अंशांच्या झोतातून फवारतात. झटकन थिजताना त्याचा काही भाग काचेसारखा राहतो; दमट, तापलेल्या वाफेत तो पुन्हा स्फटिक होऊ लागतो. मग धातूवरची त्याची पकड भरवशाची उरत नाही.

म्हणून असे सांधे बहुधा कारखान्यातच गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन बंद पाकिटात येतात. वैद्यकीय साहित्यासाठी ही सोय आपल्याकडे १९७४ मध्ये झाली, मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आयसोमेड प्रकल्पात. पाकीट फाटले, तर सांधा कितीही महागाचा असो, वाफेतून काढून वापरू नका, अशी सूचना कंपन्या सोबतच्या कागदावर छापतात.