तीन दिवसांचा विलंब

शासकीय सेवेत अपिलांची प्रकरणे हाताळताना ‘मुदतबाह्य’ हा शेरा आम्ही सहज लिहीत असू. त्या एका शब्दाने प्रकरणाचे गुणदोष न पाहताच कागद बंद होतो, याचे गांभीर्य निवृत्तीनंतर अमेरिकेचा न्यायेतिहास वाचताना उमगले.

अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात. आपली कैद संविधानविरोधी आहे असे मानणारा कैदी, राज्यातील मार्ग संपल्यावर, संघीय न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा म्हणजे बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करू शकतो. मात्र राज्याच्या नियमांप्रमाणे त्याने वेळेत दाद मागितली नसेल, तर हे दारही सामान्यतः बंद होते. या ‘प्रक्रियेतील कसुरी’चा इतिहास दोन कैद्यांच्या प्रकरणांतून उलगडतो.

पहिला चार्ल्स नोया. न्यूयॉर्क राज्यात १९४२ साली तो व त्याचे दोन साथीदार केवळ कबुलीजबाबांच्या आधारे खुनाबद्दल दोषी ठरले. साथीदारांनी अपिले केली. ती फेटाळली गेली, तरी कबुलीजबाब सक्तीने घेतल्याचे पुढे सिद्ध होऊन ते सुटले. नोयाने मात्र खर्चाचा भार कुटुंबावर नको आणि फेरखटल्यात देहदंड होईल, या भीतीने अपीलच केले नव्हते. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला. कैद्याने राज्यातील मार्ग जाणूनबुजून डावलला नसेल, तर संघीय दार उघडे राहील, असे न्या. ब्रेनन यांनी ठरविले.

१९७७ मध्ये न्या. रेन्क्विस्ट यांच्या निकालाने वारे फिरले. आता कसुरीचे सबळ कारण आणि त्यामुळे झालेली प्रत्यक्ष हानी, दोन्ही दाखविणे आवश्यक झाले.

दुसरा कैदी व्हर्जिनियातील रॉजर कोलमन. देहदंड झालेल्या या कैद्याच्या वकिलांनी १९८६ मध्ये अपिलाची सूचना तीन दिवस उशिरा दाखल केली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला दार बंद केले. या टप्प्यावर वकील मिळण्याचा संविधानिक हक्क नसल्याने वकिलाची चूक कैद्याचीच, असा निर्वाळा मिळाला. हे प्रकरण संघराज्यव्यवस्थेविषयी आहे, असे न्या. ओ’कॉनर यांनी आरंभीच नमूद केले. निकालात कैद्याच्या हक्काचा उल्लेखही नाही, अशी खंत न्या. ब्लॅकमन यांनी विरोधी मतात नोंदविली. मे १९९२ मध्ये कोलमनला देहदंड देण्यात आला.

२००६ मध्ये डीएनए चाचणीने तोच अपराधी असल्याचे दाखविले. परंतु म्हणून नियम योग्य ठरत नाही. सत्य समजले ते देहदंडानंतर चौदा वर्षांनी. २०१२ मध्ये न्यायालयाने वकिलाच्या चुकीबाबत एक अरुंद अपवाद मान्य केला. २०२२ मध्ये तोही बराचसा निष्प्रभ झाला.

निकालांना कुठेतरी अंत हवा, साक्षी-पुरावे जुने होतात, हे मला मान्य आहे. मुदतीशिवाय कोणतेच कार्यालय चालणार नाही. पण आपल्याकडे १९८७ मध्ये भूसंपादनाच्या एका प्रकरणात जम्मू-काश्मीर शासनाचे अपील चार दिवस उशिरा आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो विलंब माफ केला. तांत्रिक कारणाने अन्याय कायम राहू नये, ही त्यामागील भूमिका होती. तेथे प्रश्न मोबदल्याचा होता, व्हर्जिनियात प्राणाचा. शासनाच्या चार दिवसांना जी क्षमा लाभली, ती कैद्याच्या तीन दिवसांना लाभली नाही. ‘मुदतबाह्य’ लिहिण्यापूर्वी त्या उशिराचे मूल्य कोण चुकविणार, हा प्रश्न लेखणीने स्वतःला विचारलाच पाहिजे.