आना कारेनिना (बॅले)
टॉलस्टॉयच्या याच नावाच्या कादंबरीवर (१८७५–७७) आधारलेला त्रिअंकी रशियन बॅले. संगीतकार रद्यॉन श्चेड्रीन. पहिला प्रयोग मॉस्कोच्या बोल्शॉय रंगमंदिरात १९७२ मध्ये झाला. त्याची पत्नी माया प्लिसेत्स्काया हिने आनाची भूमिका केली. नृत्यरचनाही अन्य दोघांसह तिचीच. कादंबरीत आनाच्या शोकांतिकेला ल्येविनच्या कृषिजीवनाची व आत्मशोधाची जोड आहे. हे चिंतन शब्दांविना मांडणे दुष्कर. बॅलेत ल्येविनचे कथानक वगळले आहे. त्यामुळे मूळ कृतीची व्याप्ती उणावली, हे खरे. परंतु आनाची कोंडी अधिक धारदार झाली. श्चेड्रीनने कादंबरीच्याच काळातील चायकॉव्हस्कीच्या स्वरकल्पना योजल्या. आनाला स्वप्नात छळणारा खेडूत येथे रेल्वेस्थानकावरील मूक नियतीच्या रूपाने पुनःपुन्हा दिसतो. अखेरच्या आगगाडीची धडधड वाद्यवृंद ऐकवतो.