आई, किम समज



यंदा उन्हाळ्यात कुरड्यांचा चीक हाटता हाटता आमच्यातल्या एकीनं घरची गोष्ट काढली. घर अकोल्याचं, मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकते. एका रात्री मुलीनं फोनवर सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो. आईनं नाव विचारलं, तिनं सांगितलं. मग आईच्या तोंडून आपसूक निघालं, "आडनाव?" पलीकडे शांतता. थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "आई, किम समज."

आम्ही आधी हसलो. मग कोणीच हसेना. किम हे कोरियातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. ही मायलेक दोन वर्षं कोरियन मालिका बरोबर पाहत होत्या. त्यात किम, ली, पार्क, युन असे पन्नास नायक-नायिका येऊन गेले. कोणाचं कोणाशी जुळावं यावर दोघी तावातावानं बोलायच्या. पण "हा आपल्यातला का?" हा प्रश्न त्या दोन वर्षांत एकदाही आईच्या मनात आला नव्हता. तो पहिल्यांदा आला तो स्वतःच्या घरात.

म्हणून आज या परदेशी मालिकांतल्या प्रेमाबद्दल बोलायचं ठरवलं. मात्र सुरुवात कोरियापासून नाही, आपल्या कौंडण्यपूरपासून करू.

प्रेमकथा आपल्याला बाहेरून आल्या, असं वऱ्हाडच्या बाईनं तरी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. भावानं शिशुपालाशी लग्न ठरवलं, तेव्हा तिनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला, की मला देवीच्या देवळातून घेऊन जा. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. दमयंतीही विदर्भाचीच. तिच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले होते. तिनं खरा नळ कसा ओळखला? ज्याला घाम येतो, ज्याची सावली पडते आणि ज्याची माळ कोमेजते, तो माणूस. कोरियन नायकाला घाम येत नाही, धावला तरी केस जागचे हलत नाहीत, ही आमच्या एका मावशींची कायमची तक्रार आहे. दमयंतीनं त्याला नापास केलं असतं, असं त्या म्हणतात.

एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' लिहून पूर्ण केलं. ही पोथी लग्न जमावं म्हणून उपवर मुलींना वाचायला देतात. आमच्यातल्या कितीतरी जणींनी ती वाचली आहे. बघा गंमत! जिनं घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडलं, तिची कथा वाचायची आणि घरच्यांनी ठरवलेलं लग्न जमावं म्हणून हात जोडायचे. हे आजवर कोणाला खटकलं नाही, कारण ती देवाची गोष्ट. देवाच्या गोष्टीतलं प्रेम घरात चालतं.

आणि ज्या अंबादेवीतून रुक्मिणी आपल्या मनानं गेली असं आपण सांगतो, त्या देवळात आपल्याच कितीतरी बायांना पाऊल ठेवायची मुभा नव्हती. १९२७ साली ते देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून अमरावतीत सत्याग्रहाची चळवळ झाली. नोव्हेंबरात त्यासाठी परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीत पुढे होते. त्याच वर्षी पंजाबरावांनी जातीबाहेर लग्न केलं. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांत आपल्यातल्या निम्म्या जणी शिकल्या. भाऊसाहेबांचा फोटो भिंतीवर होता, जयंतीला भाषणं व्हायची. शेतकऱ्यांसाठी त्यांनी काय केलं ते पाठ व्हायचं. त्यांच्या लग्नाबद्दल मात्र एकाही भाषणात ऐकल्याचं आम्हाला आठवत नाही.

प्रेमकथांची पारख करणारी पहिली बाईही आपल्याच मुलखातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. नाटकांत, गोष्टींत पुरुष लेखक बाईला कपटी, चंचल रंगवतात आणि स्वतःचे दोष झाकतात, यावर त्यांनी तेव्हा झोड उठवली. पुस्तक विसरलं गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा लोकांपुढे आणलं. मालिका पाहता पाहता "हे कोणी लिहिलं, बाईनं का माणसानं?" असं आम्ही विचारतो, तेव्हा ताराबाईंचीच री ओढत असतो.

आता टीव्हीकडे येऊ. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झालं आणि ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या ओसरीत सतरंज्या पडल्या. कोरियाची ओळख आपल्याला फोननं करून दिली असं पोरींना वाटतं. तसं नाही. २००६ साली दूरदर्शनवर 'घर का चिराग' नावाची मालिका हिंदीत लागायची, ती मूळ कोरियन. आमच्यातल्या तिघी-चौघींना ती आठवते, पण तुकड्यातुकड्यांनी. ते भारनियमनाचे दिवस होते. नायिका राजवाड्याच्या चुलीपाशी उभी, आता राजा घास घेणार, आणि लाईट गेली. बाहेरही दिवस वाईट होते. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, कर्जात बुडालेल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर झाली. त्यात आपले अमरावती आणि अकोला दोन्ही होते.

त्या मालिकेतली जांग-गम ही आईवेगळी पोर राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागते. तिथून कटकारस्थानानं हाकलली जाते, वैद्यकी शिकते आणि शेवटी खुद्द राजाची वैद्य होते. अशा नावाच्या बाईचा उल्लेख कोरियाच्या जुन्या राजदप्तरात आहे. तिच्यावर जीव लावणारा एक अधिकारी आहे. चोपन्न भागांत तो तिच्या अंगचटीला येत नाही. तिला पुस्तकं आणून देतो, तिच्या कामात आडवा येत नाही आणि तिच्यापायी हद्दपार होतो. आमच्यातल्या एकीची सासू तेव्हा म्हणाली होती, "असा माणूस टीव्हीतच राह्यते वो." त्या दिवशी सासू-सून पहिल्यांदा नवरा या विषयावर एकमेकींशी बोलल्या, असं ती सून आजही सांगते.

पुढे २०१४ च्या जूनमध्ये 'जिंदगी' वाहिनी आली आणि पाकिस्तानी मालिका घरात आल्या. 'जिंदगी गुलजार है' आम्हाला सगळ्यात जवळची वाटली. लिहिणारी उमेरा अहमद, दिग्दर्शन सुलताना सिद्दिकी यांचं. म्हणजे दोन्हीकडे बाया. कशफच्या बापानं मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न केलं. आईनं शाळेत शिकवून तीन पोरी वाढवल्या. कशफ परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते आणि मग श्रीमंताघरच्या झारूनशी तिचं लग्न होतं. नायकासाठी पोरी वेड्या झाल्या होत्या, खोटं कशाला बोला, आम्हीही. पण आम्ही रडलो ते कशफच्या आईसाठी. तिसऱ्यांदा मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलेला बाप आमच्यातल्या किती जणींनी घरात पाहिला आहे, ते इथे सांगत नाही. एक खोट मात्र आम्हाला दिसली. लग्नानंतर संसार टिकवायला दर वेळी कशफनंच नमतं घ्यावं, हे अधिकारी झालेल्या बाईला शोभत नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात उरीच्या हल्ल्यानंतर त्या मालिका बंद झाल्या. तोवर तुर्कस्तानच्या आल्या होत्या, आणि त्यातल्या 'फातमागुल'नं आमच्या गटात भांडण लावलं. चौघे पुरुष त्या मुलीवर तुटून पडतात. त्यातला एक जण हात लावत नाही, पण नशेत तिथेच असतो. घरचे लोक अब्रू झाकायला त्याच्याशीच तिचं लग्न लावून देतात. पुढे फातमागुल कोर्टात लढते, गुन्हेगारांना शिक्षा होते, आणि हळूहळू तिचं त्या नवऱ्यावर प्रेम बसतं. निम्म्या जणी म्हणाल्या, तो बदलला, त्यानं तिच्या बाजूनं साक्ष दिली, तिनं आपल्या मनानं त्याला माफ केलं, मग आपण कोण? उरलेल्या म्हणाल्या, तिला दुसरं जायला जागा कुठे होती? "लावून द्या लग्न, मिटवून टाका" हे वाक्य आपल्या गावांत बैठकीत बसलेल्या माणसांच्या तोंडून आपण ऐकलेलं आहे. मालिकेतला नवरा भला निघाला. बैठकीत ठरलेला नवरा भला निघेल याची हमी कोण देणार? आम्ही या दुसऱ्या बाजूच्या. कथा ताकदीची होती, नटीनं जीव ओतला होता, तरी त्या प्रेमावर आमचा विश्वास बसला नाही.

मग टाळेबंदी आली. २०२१ च्या फेब्रुवारीत बाकी बरंचसं राज्य उघडं असताना अमरावती पुन्हा बंद झाली होती, ते विसरला नसाल. पोरी वसतिगृहातून घरी आलेल्या, फोन हातात, आणि कोरियन मालिका हिंदीतून मिळू लागलेल्या. आया आधी रागावल्या, मग शेजारी बसल्या.

यातलं आम्हाला न आवडलेलं आधी सांगतो. नायक रागावला की नायिकेचं मनगट धरून फरफटत नेतो, आणि पाठीमागे गोड संगीत वाजतं. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये तर श्रीमंत पोरगा आधी त्या गरीब मुलीचा शाळाभर छळ मांडतो आणि मग म्हणे त्याचं प्रेम जडतं. हीच कथा आधी जपानी चित्रकथेत होती, मग तैवानच्या मालिकेत, मग जपानच्या, मग कोरियाच्या. चार वेळा सांगून कोणाला ती खटकली नाही! कॉलेजच्या रस्त्यावर मनगट धरलं जाणं काय असतं, ते पोरींना आम्ही सांगायची गरज नाही. त्याला गाणं लावलं म्हणून ते प्रेम होत नाही, हे मात्र मालिका बघतानाच, त्या प्रसंगाला थांबून सांगावं.

आवडलेलं असं, की 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये दक्षिण कोरियाची मोठ्या कंपनीची मालकीण वादळात उडून सीमेपलीकडे उत्तरेत पडते. तिला लपवणारा फौजी कप्तान तिच्यासाठी शेवया स्वतः करतो, कॉफीच्या बिया भाजून कुटून कॉफी देतो. त्या गावातल्या बाया एकत्र बसून हिवाळ्याचं किमची घालतात, एकमेकींची उणीदुणी काढतात आणि अडल्यावेळी धावून येतात. आपलं उन्हाळ्याचं वाळवण डोळ्यांपुढे आलं. त्या कप्तानाच्या हाताखालचा एक शिपाई तर चोरून दक्षिणेच्या मालिका पाहणारा. बंदी आलेल्या पाकिस्तानी मालिका नातवाकडून पेन ड्राइव्हवर आणवणाऱ्या आमच्या मावशींना तो फार जवळचा वाटला.

आता त्या आडनावाकडे परत येतो. या सगळ्या मालिकांत प्रेमाआड भिंत असतेच. कुठे पैशाची, कुठे देशाच्या सीमेची, कुठे राजाच्या हुकमाची. कोरियन श्रीमंत आई गरीब मुलीपुढे नोटांचं पाकीट सरकवते आणि माझ्या मुलाला सोड म्हणते, तेव्हा आपण सगळ्या त्या मुलीच्या बाजूनं असतो. सासवासुद्धा. कारण आपल्या घरातली भिंत त्या पाकिटात नसते. मराठी मालिकेत पहिल्याच भागात आडनाव कळतं, आणि मग आपण न बोलता हिशेब मांडून मोकळ्या होतो. किम आणि पार्कच्या बाबतीत तो हिशेब मांडता येत नाही. त्यामुळे माणूस कसा आहे, एवढंच पाहायला उरतं. आमच्या मते या मालिकांनी वऱ्हाडातल्या घरांत काही नवं केलं असेल तर ते हे. आजी, आई आणि नात, तिघी एका खोलीत बसून "मुलगा कसा असावा" यावर मोकळेपणी बोलल्या. घरातल्या खऱ्या मुलाबद्दल असं बोलणं कधी झालंच नसतं.

ते बोलणं मालिकेपुरतं राहतं का, हा पुढचा प्रश्न. आमच्यातही एकमत नाही. एकीनं स्पष्ट सांगितलं, "टीव्हीत चालते, माह्या घरात नाही चालनार." ती खोटं बोलली नाही, म्हणून आम्ही तिच्यावर रागावलो नाही. दुसरी म्हणाली, तिच्या भाचीनं तीन वर्षांपूर्वी मनानं लग्न केलं, आणि घरात तिचं नावही कोणी काढत नाही. रोज रात्री तेच घर परक्या देशातल्या पोरीसाठी डोळे पुसतं.

कुरड्या वाळून डब्यात गेल्या. अकोल्याच्या त्या मैत्रिणीनं अजून घरच्या पुरुषांना काही सांगितलेलं नाही. आडनाव तिला आता कळलं आहे, आम्हाला तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सासूबाईंना मात्र तिनं सांगितलं, कारण सासूबाईंनी सगळ्या मालिका तिच्या शेजारी बसून पाहिल्या आहेत. म्हातारी बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "येऊ दे रविवारी. आडनाव मी नाही इचारत. पन त्याच्या घरी पानी कोन भरते, थे इचारीन."

अकोल्यात नळ किती दिवसांनी येतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.