नर्सताईंसाठी ताण कमी करण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण : काय शिकवतात, कुठे मिळतं, गावाने काय करावं?

फर्दापूर (ता. सोयगाव) : अजिंठा लेणीच्या पायथ्याच्या या गावापासून छत्रपती संभाजीनगर सुमारे शंभर किलोमीटर. एक दिवसाच्या प्रशिक्षणाला जायचं म्हटलं तरी सिस्टरचा अख्खा दिवस जातो. त्या दिवशी गरोदर मातांची तपासणी कोण करणार, बाळाला डोस कोण देणार? म्हणून मोबाइलवर होणारं प्रशिक्षण अशा भागासाठी कामाचं आहे. त्याची ही माहिती.

ताण येतो कशाने?

सरकारी निकषानुसार सपाट भागात ५ हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. लसीकरण, घरभेटी, बीपी-शुगर तपासणी, टीबीच्या गोळ्या हे सगळं सिस्टरकडे. तीच माहिती आधी रजिस्टरमध्ये, मग पोर्टलवर भरायची. रेंज नसेल तर हे काम रात्री घरी. दवाखान्यात ड्युटी असेल तर रात्रपाळी आणि वर नातेवाइकांचा राग.

असा ताण महिनोन् महिने साचला की माणूस कामाने पिचून जातो. याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या : अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणातून आलेली अवस्था म्हणते.

प्रशिक्षण कुठे मिळतं?

१) आयगॉट कर्मयोगी : केंद्र सरकारचं हे प्रशिक्षण पोर्टल शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. कोरोनात, एप्रिल २०२० मध्ये, डॉक्टर-नर्सना याच आयगॉटवरून घरबसल्या प्रशिक्षण दिलं गेलं. लॉगिनबद्दल तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात विचारा.

२) जागतिक आरोग्य संघटनेची ताणावरची सचित्र पुस्तिका : २०२० मध्ये आली. फुकट डाउनलोड होते, सोबत ऐकायला ऑडिओही आहे. त्यात पाच गोष्टी शिकवतात : मन जागेवर आणणं, त्रासदायक विचारांच्या तावडीतून सुटणं, आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं त्याप्रमाणे वागणं, स्वतःशी आणि दुसऱ्याशी मायेने वागणं, आणि नकोशा भावनांना मनात जागा देणं.

३) रात्रपाळीवरचा कोर्स : अमेरिकन सरकारच्या ‘नायोश’ या संस्थेने खास नर्ससाठी तयार केलेला. मोफत आहे, पण इंग्रजीत. रात्रपाळीनंतर अंधाऱ्या, शांत खोलीत झोपा. झोपायच्या आधी काही तास चहा-कॉफी टाळा. शक्य असेल तिथे ड्युटीच्या मधल्या सुट्टीत छोटी डुलकी घ्या, असे साधे उपाय त्यात आहेत.

सावधान : ‘पैसे भरा, लगेच सर्टिफिकेट’ असा मेसेज आला तर ओटीपी किंवा नोंदणी क्रमांक देऊ नका. आधी वरिष्ठांना विचारा.

आज करून बघता येईल असं

पाय जमिनीवर टेकवा. श्वास हळूहळू सोडा, छाती रिकामी होऊ द्या, मग सावकाश आत घ्या. असं चार-पाच वेळा करा. आता दिसणाऱ्या पाच वस्तू मनात मोजा आणि ऐकू येणारे आवाज ओळखा. दोन मिनिटं पुरतात. दोन पेशंटच्या मध्येही जमतं. रोज केलं तरच उपयोग. कोर्सचे व्हिडिओ एका रात्रीत पळवून काही हाती लागत नाही.

प्रशिक्षणाने सगळं सुटतं का?

नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ताणावरच्या ११७ अभ्यासांचा आढावा ‘कोक्रेन’ने २०२३ मध्ये घेतला. असे उपाय केल्यावर काही महिने, साधारण वर्षभरापर्यंत, ताण कमी होऊ शकतो असं त्यात दिसलं. पण रिकामी पदं, दुहेरी नोंदी आणि लागोपाठच्या ड्युट्या श्वासाच्या व्यायामाने कमी होत नाहीत. ते काम प्रशासनाचं. शिवाय प्रशिक्षणाचा वेळ ड्युटीतच धरला पाहिजे. घरी स्वयंपाक करता करता कोर्स उरकायचा असेल तर तोही एक नवा ताणच.

गावकऱ्यांच्या हातात काय?

- तातडीचं नसेल तर सिस्टरला रात्री-अपरात्री फोन करू नका. बाळंतपण, साप-विंचू चावणं, अपघात यासाठी १०८ लावा.
- लसीकरणाच्या दिवशी वेळेवर या, कार्ड सोबत आणा. सिस्टरच्या फेऱ्या वाचतात.
- औषध संपलं असेल तर तक्रार वरिष्ठांकडे करा. साठा पाठवणं सिस्टरच्या हातात नसतं.
- ग्रामसभेत उपकेंद्राचं पाणी, वीज, संडास आणि रिकामी पदं हे विषय मांडा.
- दमदाटी, मारहाण नको. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नर्सलाही या कायद्याचं संरक्षण आहे.

मदत कधी मागावी?

दोन आठवडे झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर कोर्सच्या भरवशावर थांबू नका. ‘टेलिमानस’ला १४४१६ वर फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर फक्त नर्ससाठी नाही, शेतकरी, विद्यार्थी, घरातल्या कोणासाठीही आहे. मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि आपल्या गावच्या सिस्टरलाही पाठवा.