बर्फात बदामची राणी

मंडळी, बर्फाविषयी बोलायचे तर नागपूरकराने बोलावे. 23 मे 2013 रोजी या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. ज्या गावात दुपारी डांबर चपलेला चिकटते, तिथे बर्फाचा तुकडा हीच मुळात जादू वाटते. त्या तुकड्यात कुणी पत्त्यांच्या कॅटमधला पत्ता गोठवून दाखवला तर विचारायलाच नको.

खेळ साधा आहे. प्रेक्षक एक पत्ता ओढतो, समजा बदामची राणी. जादूगार तिचा कोपरा फाडून प्रेक्षकाच्या हाती ठेवतो आणि पत्ता नाहीसा करतो. मग बर्फाची लहानशी लादी येते. ती फोडली की आत तीच राणी, कोपरा फाटलेली. तुकडा जुळवून पाहा, नेमका बसतो. या खेळाला मोठा मंच लागत नाही, महागडी पेटी लागत नाही. सगळे साहित्य घरातले. पण हे साहित्य घरात येईपर्यंत जवळजवळ चारशे वर्षे गेली, आणि आज मी सांगणार आहे ती त्या चारशे वर्षांची गोष्ट.

सुरुवात एका भल्यामोठ्या बर्फाने करू. 1829 साली मेजर डेव्हिड प्राइस या इंग्रज अधिकाऱ्याने जहांगीर बादशहाच्या आठवणींचा म्हणून एक इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात बंगालमधून आलेल्या सात बाजीगरांची हकिगत आहे. त्यांनी जमिनीत हौदासारखा खड्डा खणला, तो पाण्याने भरवला आणि वर चादर पसरली. थोड्या वेळाने चादर काढली तर पाण्याचा घट्ट बर्फ झालेला. मग माहुताला सांगून त्या बर्फावरून हत्ती चालवला, तरी बर्फाला तडा गेला नाही! त्याच बाजीगरांनी बादशहाच्या हातात एक कोरी वही दिली. परत घेऊन उघडली तर पहिले पान लाल, सोनेरी शिडकावा केलेले. दुसरे उघडले तर आकाशी. पान उलटावे तसा रंग बदलत गेला.

एकाच हकिगतीत बर्फ आणि कागद. आपल्या बदामच्या राणीचे हे पणजी-पणजोबाच म्हणायचे. पण इथे जरा थांबावे लागते. प्राइसने ज्या हस्तलिखितावरून अनुवाद केला ते अस्सल नव्हते, असे पुढच्या अभ्यासकांनी ठरवले. रॉजर्स आणि बेव्हरिज यांनी 1909 ते 1914 या काळात 'तुझुक-ए-जहांगिरी'चा अनुवाद दोन खंडांत आणला, तो अस्सल प्रतींवरून. त्यात बर्फाचा हौद नाही, रंग बदलणारी वहीही नाही. आहे तो कर्नाटकातून आलेला एक बाजीगर. त्याने लोखंडी साखळी गिळली आणि परत बाहेर काढली. बादशहाने काय केले? तिची लांबी आणि वजन लिहून ठेवले! खरा जहांगीर असा होता. आश्चर्य वाटले तरी मोजमाप सोडायचे नाही. म्हणजे हत्ती पेलणारा बर्फ ही बाजीगराची नव्हे, कुणा लेखणीबहाद्दराची जादू. मी कवितेच्या धंद्यातला माणूस असल्यामुळे मला त्या अज्ञात लेखकाचे कौतुकच वाटते; पण इतिहास म्हणून ती हकिगत खपवणे बरे नाही.

वहीची गोष्ट मात्र निराळी. तो खेळ शक्य आहे आणि घरी करता येतो. वहीच्या पानांच्या कडा ठरावीक उंचीवर किंचित कापायच्या. अंगठा वरच्या जागी ठेवून पाने सोडली की एका रंगाची पानेच दिसतात, खाली सरकवला की दुसऱ्या. युरोपात सोळाव्या शतकातच ही वही लोकांना माहीत होती. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने 1584 साली चेटूकविद्येवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पत्त्यांचे आणि इतर हातचलाखीचे खेळ कसे करतात ते उघड करून सांगितले. मुलांची करमणूक हा त्याचा हेतू नव्हता. त्या काळी चेटकिणी म्हणून बायाबापड्यांना फासावर चढवले जात होते. लोकहो, ज्याला तुम्ही सैतानाची करणी म्हणता ते काम पुठ्ठा, दोरा आणि चपळ बोटे करू शकतात, हे त्याला दाखवायचे होते. घरगुती साहित्यामागे इतका मोठा प्रश्न उभा होता. तो आजही उभा आहे, पण त्याकडे शेवटी वळू.

आता बर्फ. अकबराच्या 'आईन-ए-अकबरी'त आबदारखान्याचे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्याचे वर्णन आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि तोंड बंद केलेली पाण्याची सुरई त्यात पाव तासभर फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो आणि सुरईतले पाणी गार होते. हाच सोरा बंदुकीच्या दारूत आग भडकवतो आणि इथे गारवा देतो, याची गंमत अबुल फजललाही वाटली होती. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या पहाडातून होडीने, गाडीने आणि माणसांच्या खांद्यावरून बर्फ येऊ लागला. अर्थात तो बादशहाच्या पेल्यात पडायचा. रस्त्यावरच्या बाजीगराच्या नशिबी कुठला!

पहाड नसलेल्या मुलखातही बर्फ तयार होत असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फाची कृती छापली. उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाची पाचट किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरायची आणि त्यावर मातीच्या बिनझिलईच्या, जेमतेम सव्वा इंच खोल परळांच्या ओळी मांडायच्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत, संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे. आभाळ निरभ्र हवे आणि वारा पडलेला हवा. रात्रभर पाण्यातली उष्णता उघड्या आभाळाकडे जाते, परळाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होऊन आणखी गारवा येतो, आणि हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी परळात बर्फ धरतो. सूर्य उगवण्याआधी तो गोळा करून पेंढा आणि कांबळी लावलेल्या खोल खड्ड्यात ठेवायचा. वीज नाही, यंत्र नाही. कुंभाराचे परळ, शेतातले पाचट आणि थंडीची रात्र. याहून अस्सल घरगुती साहित्य कुठले?

मग आला परदेशी बर्फ. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 साली 'टस्कनी' नावाच्या जहाजात गोठलेल्या तळ्यांतला 180 टन बर्फ भरून कोलकात्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, तरी सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक राहिला. लवकरच तो मुंबईलाही येऊ लागला आणि तिथे त्याच्यासाठी खास घर बांधले गेले. आज त्या जागी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी त्या काळी छापून आल्याचे सांगतात. पुढे 1878 च्या सुमारास कोलकात्यात बर्फाचा कारखाना निघाला आणि अमेरिकेच्या तळ्यांचा हा धंदा वितळत गेला. कारखान्यातली लादी पोत्यात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून हातगाडीवर आली, तेव्हा कुठे गरिबाला बर्फ दिसला.

पत्त्यांचाही प्रवास असाच वरून खाली झाला. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा संच भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे सावंतवाडीने ही कला जपली आणि राजे शिवरामराजे व राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकात तिला नवा जीव दिला. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पत्ते असतात. चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेले, हाताने रंगवलेले आणि लाखेने चकाकवलेले. मी मोमिनपुऱ्यातला, मागाच्या खडखडाटात वाढलेला. खळ म्हणजे काय हे आम्हाला वेगळे सांगावे लागत नाही. पण असे जाड गोल पत्ते हातात पिसता येत नाहीत, कापडावर पसरून मिसळावे लागतात. तळहातात पत्ता लपवण्याची चलाखी फुलली ती पातळ, चौकोनी, छापील पत्त्यांवर. तेही स्वस्त झाले तेव्हा पानठेल्याच्या आडोशाला आले.

अशा रीतीने बर्फ आणि पत्ता दोघेही राजवाड्यातून निघून गल्लीत पोचले आणि एकमेकांना भेटले. आमच्या गल्लीत ही भेट मी नऊ-दहा वर्षांचा असताना पाहिली. एक कुल्फीवाले चाचा यायचे. लाल फडके गुंडाळलेला मटका, त्यात बर्फ आणि जाडे मीठ, आणि मिठात पुरलेले पत्र्याचे निमुळते साचे, तोंडाला कणीक लावून बंद केलेले. नुसता बर्फ शून्य अंशावर राहतो, पण मीठ मिसळले की ते मिश्रण शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकते. साच्यातले दूध त्यामुळे गोठते. चाचांच्या मटक्यात एक साचा दुधाचा नसायचा. त्यात साधे पाणी आणि मेणबत्तीचे मेण चोळलेला, सुरळी केलेला पत्ता. कुल्फ्या विकून झाल्या की ते कॅट काढायचे, कुणाला तरी पत्ता ओढायला लावायचे आणि थोड्या वेळाने तो साचा तळहातात चोळून रिकामा करायचे. बर्फाच्या कांडीत राणी! आम्ही तोंडे वासून उभे. चाचा मात्र दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "देखो बेटा, ये हाथ का खेल है, करामत नहीं।"

त्यांच्याकडे फ्रीज नव्हता. आपल्या देशात गोदरेजने पहिला फ्रीज 1958 साली काढला, पण आमच्यासारख्यांच्या घरी तो यायला आणखी बरीच वर्षे गेली. आज तो आहे, तेव्हा कृती सोपी झाली आहे. प्लॅस्टिकचा थर असलेला पत्ता घ्यावा. साधा असेल तर मेण चोळावे. पाणी उकळून निववावे, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते आणि बर्फ पांढुरका कमी होतो. उघड्या तोंडाच्या थर्माकोलच्या डब्यात पाणी ठेवले तर ते वरून खाली सावकाश गोठते आणि आणखी नितळ होते. आधी अर्धा थर गोठवावा, त्यावर पत्ता ठेवावा, मग अगदी गार पाणी ओतून पुन्हा गोठवावे. एकदम पाणी भरले तर पत्ता तरंगतो. भांडे काठोकाठ भरू नये आणि काचेचे तर वापरूच नये, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि काच तडकते. प्रेक्षक नेमकी तीच राणी कशी ओढतो आणि कोपरा कसा जुळतो, ते मात्र मी सांगणार नाही. तेवढे चाचांचे राहू द्या.

आता शेवटचा आणि खरा मुद्दा. 1959 साली आपल्या राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात भिकेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे हेही बसवले आहे. एवढेच नव्हे, एखादी वस्तू विकायला पुढे करण्याचे निमित्तसुद्धा. म्हणजे रस्त्यावर पत्ता गोठवून दाखवणारा आणि चार आणे घेणारा माणूस या कागदावर कलावंत नाही, भिकारी आहे. दुसरीकडे, तीच हातचलाखी गादीवर बसून, तिला दैवी म्हणून करणाऱ्याच्या पायाशी शतकानुशतके नोटा पडत आल्या. या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध या शहराने लढा दिला. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम 1982 साली नागपुरातूनच सुरू झाले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे हा त्यात गुन्हा आहे.

दोन कायदे, आणि दोहोंच्या मधोमध उभा असलेला एक बाजीगर. त्याला चमत्कारवाल्यांत ढकलू नये आणि भिकाऱ्यांत तर मुळीच नाही. तो फसवतो, पण फसवतो आहे हे आधी सांगून फसवतो. स्कॉटने जे काम जाड ग्रंथ लिहून केले ते आमचे कुल्फीवाले चाचा एका वाक्यात करत होते. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने बर्फात पत्ता गोठवला आहे, त्याला पुढे कुणी हवेतून अंगारा काढून दाखवला तर ते मूल हात जोडणार नाही. ते त्या माणसाच्या बाहीकडे बघेल.

म्हणून या उन्हाळ्यात नातवंडांच्या हाती मोबाइलऐवजी थर्माकोलचा डबा आणि एक जुना कॅट देऊन पाहा. फरशी ओली होईल, दोनचार पत्ते वाया जातील. आणि चौकात कुणी बाजीगर खेळ मांडून बसलेला दिसला तर त्याच्या हातावर पैसे जरूर ठेवा, फक्त ते तिकीट समजून ठेवा, भीक समजून नव्हे.